बिघाड केव्हा होतो? घरच्या गेमिंग संगणकाच्या निदानाची क्रमवार पद्धत

घरी गेम खेळण्यासाठी जुळवलेला संगणक खेळाच्या मध्येच बंद पडू लागला, की पहिला संशय बहुधा सर्वांत महागड्या भागावर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर घेतला जातो. बिघाडाचे मूळ मात्र भिंतीतल्या प्लग पॉइंटमध्ये, सैल बसलेल्या एखाद्या तारेत किंवा धुळीने बुजलेल्या जाळीतही असू शकते, आणि ते शोधण्यापूर्वीच नवा भाग विकत घेतला तर पैसे जातात व दोष तसाच राहतो. जबलपूरसारख्या शहरात ही शक्यता विशेष गांभीर्याने घ्यावी लागते, कारण मे महिन्यात चाळिशी सहज ओलांडणारा पारा, पावसाळ्याच्या तोंडावरची विजांची वादळे, त्यानंतरचे दमट महिने, आणि घरोघरी चालणारे पाण्याचे कूलर व इन्व्हर्टर या सर्वांचा परिणाम कॅबिनेटच्या आतल्या भागांपर्यंत पोहोचतो. प्रस्तुत लेखात मांडलेली निदानाची पद्धत स्क्रू ड्रायव्हर, साधा डिजिटल मल्टिमीटर आणि मोफत मिळणारी काही सॉफ्टवेअरे एवढ्याच साधनांवर उभी आहे.

निदानाचे तत्त्व

‘संगणक बंद पडतो’ या तक्रारीतून फारसे काही कळत नाही. तो केव्हा बंद पडतो हे कळले, की संशयितांची यादी झपाट्याने लहान होते. बटण दाबल्यावर काहीच न होणे, पंखे फिरूनही पडद्यावर चित्र न येणे, विंडोज सुरू झाल्यावर अधूनमधून हँग होणे आणि केवळ जड गेम चालू असतानाच बंद पडणे, या चार अवस्थांची कारणे बव्हंशी वेगवेगळी आहेत. म्हणून निदानाचे पहिले साधन म्हणजे एक वही होय. तिच्यात प्रत्येक प्रसंगाची तारीख व वेळ, खोलीचे अंदाजे तापमान, चालू असलेला गेम, सुरू केल्यापासून गेलेली मिनिटे, आणि त्या क्षणी घरातला पाण्याचा पंप, गीझर, कूलर किंवा इन्व्हर्टर चालू होता काय, याची नोंद ठेवावी. अशा पाच-सहा नोंदी जमल्या, की पुष्कळदा दोषाचा एखादा नियम आपोआप दिसू लागतो.

यानंतरचे दोन नियम कोणत्याही प्रयोगशाळेत पाळले जातात तेच आहेत. एका वेळी एकच बदल करावा, कारण रॅम पुन्हा बसवणे, ड्रायव्हर बदलणे आणि तार बदलणे ही तिन्ही कामे एकाच बैठकीत केली तर दोष कशामुळे गेला हे कधीच कळत नाही. दुसरे असे, की बदलानंतर दोष नाहीसा झाला तर पूर्वीची स्थिती पुन्हा आणून तो परत येतो काय हे पाहावे. तो परत आला तरच कारण सिद्ध झाले असे मानावे. चाचण्यांचा क्रम खर्चावरून लावावा, म्हणजे फुकट होणाऱ्या चाचण्या आधी, उसना भाग आणून करायच्या त्यानंतर, आणि खरेदी सर्वांत शेवटी. मात्र या सर्वांपूर्वी, संगणक अजून सुरू होत असेल तर, महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावी, कारण निदान चालू असतानाच डिस्क कायमची निकामी होण्याची शक्यता असते.

सुरुवात भिंतीपासून

जबलपूर शहराला वीज पुरवणाऱ्या मध्य प्रदेश पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे मुख्यालय याच शहरात आहे. घरगुती पुरवठ्याचा ठरलेला दाब २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असा असून, कमी-अधिक ६ टक्के ही मर्यादा धरली तर तो सुमारे २१६ ते २४४ व्होल्टच्या दरम्यान असावयास हवा. उन्हाळ्याच्या रात्री वस्तीतले सर्व कूलर व एअर कंडिशनर एकाच वेळी चालू झाले, की शेवटच्या खांबावरच्या घरांत हा दाब खाली येऊ शकतो. संगणकाचा वीजपुरवठा करणारा डबा, ज्याला बाजारात सर्रास एसएमपीएस म्हणतात, तो दाब कमी झाला तरी आतल्या भागांना लागणारी शक्ती तेवढीच पुरवतो आणि त्यासाठी भिंतीतून अधिक प्रवाह खेचतो. ४५० वॉट खेचणाऱ्या संगणकाला २३० व्होल्टवर सुमारे २ अँपिअर लागतात, तर १८० व्होल्टवर अडीच अँपिअर लागतात. वाढलेला प्रवाह सैल पॉइंटला व स्वस्त एक्सटेन्शन बोर्डाला तापवतो, आणि तिथे होणारी सूक्ष्म ठिणगी संगणकाला क्षणभर वीज तुटल्यासारखी जाणवते. म्हणून पहिली चाचणी अगदी सोपी आहे: एक्सटेन्शन बोर्ड, स्पाइक बस्टर व इन्व्हर्टर हे सर्व वगळून संगणक दुसऱ्या खोलीतल्या, शक्यतो वेगळ्या लाइनवरच्या पॉइंटवर थेट चालवून पाहावा.

दुसरी तपासणी अर्थिंगची. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो बहुधा अर्थिंग नसल्याचा पुरावा असतो. एसएमपीएसच्या आत विद्युत गोंगाट गाळण्यासाठी फेज व न्यूट्रलपासून धातूच्या आवरणाकडे जोडलेले लहान कपॅसिटर असतात. अर्थिंगची तार अखंड असेल तर त्यांतून येणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत जातो, आणि ती तुटलेली असेल तर आवरण पुरवठ्याच्या जवळजवळ निम्म्या दाबावर तरंगत राहते. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून पॉइंटच्या तीन भोकांमधला दाब मोजला असता फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे आकडे जवळजवळ सारखे, आणि न्यूट्रल ते अर्थ हा आकडा जेमतेम दोन-चार व्होल्टांचा असावा. ज्याला या मोजणीची सवय नाही त्याने ती वायरमनकडूनच करून घ्यावी. जबलपूरच्या जमिनीचा स्वभावही इथे लक्षात घ्यावा लागतो. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि मदन महलच्या टेकड्यांभोवती ग्रॅनाइटचा खडक वर आलेला आहे; कोरड्या मातीत आणि खडकात विजेला वाट मिळणे कठीण असते, त्यामुळे पावसाळ्यात चांगले चालणारे अर्थिंग मे महिन्यात दुबळे होऊ शकते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतण्याच्या जुन्या प्रथेमागे हेच कारण आहे.

तिसरी तपासणी इन्व्हर्टरची. वीज गेल्यापासून बॅटरीचा पुरवठा सुरू होईपर्यंत काही मिलिसेकंद जातात, आणि एसएमपीएस आपल्या कपॅसिटरमध्ये साठवलेल्या ऊर्जेवर पूर्ण भारावर साधारण १५ ते १७ मिलिसेकंद तग धरू शकतो. पुष्कळ घरगुती इन्व्हर्टरांवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ अशा दोन पद्धतींचे बटण असते. नॉर्मल पद्धतीत तो दाबाचे मोठे चढउतार खपवून घेतो व अदलाबदलीलाही अधिक वेळ घेतो, ज्याने पंखे व दिव्यांना काही होत नाही, पण संगणक मात्र रीस्टार्ट होतो. वीज जाताच संगणक बंद पडतो, अशी तक्रार असेल तर हे बटण आधी पाहावे. स्क्वेअर वेव्ह प्रकारच्या इन्व्हर्टरवर आधुनिक एसएमपीएस अस्थिर होऊ शकतो, म्हणून साइन वेव्ह प्रकारचाच वापरावा. घरातले दिवे कधी अचानक प्रखर तर कधी मंद होत असतील, तर न्यूट्रल सैल असल्याचा संशय घ्यावा, संगणकाचा प्लग तत्काळ काढावा आणि १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटल्यास एका फेजवरचा दाब ३०० व्होल्टच्या पुढे जाऊ शकतो, आणि क्षणिक झटके शोषण्यासाठी बनवलेला स्पाइक बस्टर अशा टिकून राहणाऱ्या अतिदाबापुढे निरुपयोगी ठरतो.

बटण दाबूनही काहीच होत नाही

भिंतीकडची वीज ठीक असूनही संगणक निर्जीव असेल, तर एसएमपीएसच्या मागचे बटण, त्यात बसणारी जाड तार आणि मदरबोर्डाला जाणारे २४ पिनांचे व प्रोसेसरजवळचे ८ पिनांचे जोड हे सर्व काढून पुन्हा घट्ट बसवावेत. आत हात घालण्यापूर्वी प्लग काढून, कॅबिनेटचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो. शिवाय कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला अधूनमधून स्पर्श करत राहावे, कारण कोरड्या हवेत कपड्यांच्या घर्षणाने शरीरावर साचणारी स्थिर वीज चिपांना हानी पोहोचवू शकते.

दोष कॅबिनेटच्या बटणातही असू शकतो. मदरबोर्डावरच्या ज्या दोन पिनांना हे बटण जोडलेले असते, त्या पिना पुस्तिकेत पाहून नक्की कराव्यात आणि बटणाची तार काढून त्यांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडावे; संगणक सुरू झाला तर दोष दोनशे-चारशे रुपयांच्या बटणाचा ठरतो. यूएसबी पोर्टांत लावलेली सर्व उपकरणेही काढून पाहावीत, कारण आतून शॉर्ट झालेला एखादा माउस किंवा हेडसेट संपूर्ण संगणकाला सुरू होण्यापासून रोखू शकतो.

एसएमपीएस जिवंत आहे काय हे पाहण्यासाठी त्याचे सर्व जोड काढून २४ पिनांच्या जोडातली सोळाव्या क्रमांकाची पिन शेजारच्या ग्राउंड पिनेशी तारेच्या तुकड्याने जोडतात आणि मगच प्लग लावतात. जुन्या एसएमपीएसमध्ये सोळावी तार हिरवी व ग्राउंडची काळी असते. नव्यांत सर्वच तारा काळ्या असल्याने पिनांचा क्रम पुस्तिकेवरून नक्की करावा लागतो. पंखा फिरला तर एसएमपीएस सुरू होतो एवढेच सिद्ध होते, आणि कमी भारावर पंखा थांबवून ठेवणाऱ्या प्रकारांत तो न फिरणे हा दोषही नव्हे. मल्टिमीटरने मोजलेले दाब १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६, ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ व्होल्टच्या तारेवर सुमारे ३.१४ ते ३.४७ या मर्यादेत, म्हणजे कमी-अधिक ५ टक्क्यांत असले पाहिजेत. भार नसताना हे आकडे बरोबर येऊनही भारावर ते कोसळू शकतात, ही या चाचणीची मर्यादा आहे.

दोन निषेध कटाक्षाने पाळावेत. एसएमपीएसचे आवरण उघडू नये, कारण आतल्या मुख्य कपॅसिटरवर सुमारे ४०० व्होल्टचा दाब असू शकतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. एका एसएमपीएसच्या सुट्या तारा दुसऱ्याला लावू नयेत, कारण एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांची रचना कोणत्याही एका मानकाने बांधलेली नाही. जोड बरोबर बसूनही ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क जळू शकतात.

पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही

या अवस्थेत सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे मॉनिटरची तार कुठे लावली आहे. ती ग्राफिक्स कार्डावरच्या पोर्टात असावी. मदरबोर्डावरच्या पोर्टात असेल आणि प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसेल, उदाहरणार्थ इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असते त्यांत, तर पडदा काळाच राहतो. त्यानंतर मदरबोर्डावरचे लहान दिवे पाहावेत. सुरू होताना मदरबोर्ड प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क यांची क्रमाने तपासणी करतो आणि जिथे अडतो त्या भागाचा दिवा लागलेला ठेवतो. असे दिवे नसतील तर काही रुपयांना मिळणारा बीप स्पीकर लावून शिट्या मोजाव्यात आणि त्यांचा अर्थ त्याच मदरबोर्डाच्या पुस्तिकेत पाहावा, कारण शिट्यांची भाषा उत्पादकागणिक बदलते.

रॅमच्या दिव्यावर अडले असेल तर एकच पट्टी ठेवून ती प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत बसवावी, कारण बहुतेक चार खाचांच्या मदरबोर्डांत एका पट्टीसाठी हीच खाच ठरवलेली असते. मग प्रत्येक पट्टी आणि प्रत्येक खाच आळीपाळीने तपासावी. एकच पट्टी प्रत्येक खाचेत अडत असेल तर दोष पट्टीचा, आणि सर्व पट्ट्या एकाच खाचेत अडत असतील तर दोष खाचेचा किंवा प्रोसेसरखालच्या वाकलेल्या पिनेचा मानावा. दमट हवेत पट्टीच्या सोनेरी कडेवर थर बसतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसावा. खोडरबराने घासण्याची पद्धत बाजारात रूढ असली तरी रबराचा भुगा खाचेत पडतो व जोराने घासल्यास मुलामा झिजतो, हे ध्यानात ठेवावे. डीडीआर५ प्रकारची रॅम पहिल्यांदा बसवल्यावर किंवा बायोस, म्हणजे मदरबोर्डातले मूळ सॉफ्टवेअर, याची मांडणी पुसल्यावर मदरबोर्ड तिच्याशी वेग जुळवून घेण्यात काही मिनिटे घालवतो आणि तोवर पडदा काळा राहतो. या काळात घाईने बटण दाबून संगणक बंद करू नये.

मदरबोर्डावरची सीआर२०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी ३ व्होल्टची असते. तिचा दाब बराच उतरला असेल, किंवा दर वेळी घड्याळ मागे पडत असेल, तर ती बदलावी. इतक्यावरही चित्र न आल्यास मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून तो पुठ्ठ्यावर ठेवावा आणि प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एक पट्टी व एसएमपीएस (आणि प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसेल तर ग्राफिक्स कार्ड) एवढ्याच किमान जोडणीवर सुरू करून पाहावा. तो असा चालला तर दोष कॅबिनेटमध्ये, बहुधा मदरबोर्डाखाली चुकीच्या जागी बसलेल्या धातूच्या खुंटीत असतो.

फक्त गेम खेळतानाच बंद पडतो

गेमिंग संगणकाची ही सर्वांत सामान्य तक्रार असून तिच्यात उष्णता, वीजपुरवठा आणि ग्राफिक्स कार्ड हे तीन संशयित एकमेकांत मिसळतात. त्यांना वेगळे करण्यासाठी बंद पडण्याची रीत पाहावी. उष्णतेच्या दोषात आधी पंख्यांचा आवाज वाढतो, चित्राचा वेग हळूहळू घसरतो, आणि पंधरा-वीस मिनिटांनी संगणक अडखळू लागतो किंवा बंद होतो. वीजपुरवठ्याच्या दोषात कोणतीही पूर्वसूचना नसते. गेममधले दृश्य एकदम जड होताच संगणक क्षणात बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो. ग्राफिक्स कार्डाची स्मृती बिघडली असेल तर पडद्यावर रंगीत चौकोन, पट्टे किंवा ठिपके दिसतात, आणि ड्रायव्हर कोसळला असेल तर पडदा काही क्षण काळा होऊन परत येतो व या वेळी आवाज चालूच राहतो.

उष्णतेच्या निदानात जबलपूरचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. हवेने थंड होणाऱ्या भागाचे तापमान खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनी वर राहते. म्हणून परीक्षणात २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर राहिलेला प्रोसेसर ४३ अंशांच्या खोलीत, इतर सर्व तेच असताना, सुमारे ८८ अंशांवर जातो. बहुतेक आधुनिक प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या दरम्यान आपला वेग स्वतःहून कमी करतात, त्यामुळे हिवाळ्यात निर्दोष असलेला संगणक मे महिन्यात काहीही न बिघडता मंद होऊ शकतो. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमानाची नोंद चालू ठेवून गेम खेळावा आणि कॅबिनेटची बाजूची पत्री काढून तीच चाचणी पुन्हा करावी. तापमान बरेच उतरले तर दोष हवेच्या वाटेत, म्हणजे बुजलेल्या जाळीत किंवा उलट बसवलेल्या पंख्यात आहे. ते उतरलेच नाही आणि गेम सुरू होताच काही सेकंदांत शंभराला भिडले, तर कूलर सैल बसला आहे, पाण्याने थंड करणाऱ्या संचाचा पंप थांबला आहे किंवा थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर व कूलर यांच्यातली फट भरणारा लेप, वाळला आहे. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरावीत, अन्यथा ती मर्यादेपलीकडे फिरून बेअरिंग खराब होते.

वीजपुरवठा व ग्राफिक्स कार्ड यांत फरक करण्यासाठी एक बिनखर्चाचा प्रयोग आहे. ग्राफिक्स कार्डाची शक्तिमर्यादा सॉफ्टवेअरमधून सुमारे ७० टक्क्यांवर आणावी, किंवा चित्राचा वेग सेकंदाला ६० चौकटींवर बांधावा, आणि तोच गेम पुन्हा खेळावा. बंद पडणे थांबले तर संशय एसएमपीएस, त्याच्या तारा किंवा उष्णता यांवर जातो. रंगीत चौकोन तरीही दिसत राहिले तर तो कार्डावर जातो. नवी ग्राफिक्स कार्डे क्षणार्धासाठी आपल्या लिहिलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर शक्ती खेचतात, आणि २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद इतक्या अल्पकाळासाठी दुप्पट भार सोसावा अशी अपेक्षा याच कारणाने घातली गेली. कागदावर पुरेसे वॉट असलेला जुना एसएमपीएस नव्या कार्डाबरोबर का कोलमडतो, याचा खुलासा यातून होतो.

ग्राफिक्स कार्डाला वीज नेणाऱ्या तारांची मोजदादही करावी. मदरबोर्डाची खाच ७५ वॉट, ६ पिनांचा जोड ७५ वॉट आणि ८ पिनांचा जोड १५० वॉट देऊ शकतो. एकाच तारेच्या दोन शेपट्या लावण्याऐवजी दोन स्वतंत्र तारा लावाव्यात. २०२२च्या अखेरीस काही आरटीएक्स ४०९० कार्डांच्या १६ पिनांच्या जोडाचे प्लास्टिक वितळल्याचे प्रकार जगभर गाजले, आणि अपुरा आत बसलेला जोड हे त्यामागचे एक प्रमुख कारण सांगितले गेले. म्हणून असा जोड शेवटपर्यंत आत गेला आहे आणि त्याच्या मुळाशी तार तीव्रपणे वाकलेली नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

विंडोजच्या नोंदी आणि स्मृतीची परीक्षा

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली, की एसएमपीएस गेला असा निष्कर्ष काढण्याची घाई केली जाते. या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’ शून्य असेल तर वीज अचानक तुटली किंवा संगणक पूर्ण गोठला, आणि शून्याव्यतिरिक्त आकडा असेल तर आधी विंडोज कोसळल्याचा निळा पडदा आला होता, असे समजावे. ‘व्हिया-लॉगर १८’ ही नोंद प्रोसेसर किंवा त्याच्याशी निगडित भागाने स्वतः कळवलेल्या गंभीर दोषाची असते, तर ‘डिस्प्ले ४१०१’ ही ड्रायव्हर थांबून पुन्हा सुरू झाल्याची असते.

निळ्या पडद्यावरचा संदेश दर वेळी वेगळा येत असेल आणि वेगवेगळे प्रोग्राम विनाकारण कोसळत असतील तर रॅम तपासावी. मेमटेस्ट८६ हे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून चालवून काही तास ठेवावे. एक चूक आढळली तरी ती दोष मानावी, मात्र रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी किंवा एक्स्पो ही मांडणी आधी बंद करून परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण पट्टी निर्दोष असूनही वाढवलेला वेग तिला झेपत नसेल, असे होऊ शकते.

इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांचे उदाहरण निदानाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येई, त्यामुळे वापरणारे ग्राफिक्स कार्डाला दोष देत. प्रत्यक्षात प्रोसेसरला गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मिळून तो कालांतराने अस्थिर होत होता. इंटेलने २०२४ साली यावर बायोसमधून बसवायच्या सुधारणा दिल्या आणि संबंधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. या पिढीतला प्रोसेसर असेल तर इतर काहीही बदलण्यापूर्वी बायोस अद्ययावत करावे. एकदा झिजलेला प्रोसेसर मात्र त्याने पूर्ववत होत नाही.

संगणक काही सेकंद गोठून पुन्हा चालू होत असेल, किंवा फाइली उघडेनाशा झाल्या असतील, तर क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची स्वतःची आरोग्यनोंद पाहावी. हार्ड डिस्कच्या बाबतीत ०५ व सी५ या ओळींतले आकडे वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होत आहे आणि ती बदलणे हाच उपाय आहे. फक्त सी७ची ओळ वाढत असेल तर दोष बहुधा डेटा नेणाऱ्या तारेचा असतो आणि शे-दीडशे रुपयांची नवी तार पुरते.

ऋतूंप्रमाणे बदलणारे दोष

पाण्याचा कूलर खोली थंड करतो तो हवेत बाष्प मिसळून. त्याचा झोत थेट कॅबिनेटवर आला, की दमट हवा धुळीला चिकट बनवते आणि खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म कण सर्किटवर पांढरट थर म्हणून बसतात. हा थर ओलसर असताना किंचित वीजवाहक होतो आणि कधी चालणारे, कधी न चालणारे दोष निर्माण करतो. कॅबिनेट कूलरच्या झोतापासून बाजूला, जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून काही इंच दूर ठेवावे.

पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंद न ठेवता अधूनमधून तासभर चालवावा, म्हणजे आतल्या उष्णतेने ओल निघून जाते. वादळाच्या वेळी केवळ विजेचा प्लग काढणे पुरेसे नसते. इंटरनेटची तार बाहेरच्या खांबावरून येते आणि ती तांब्याची असेल तर विजेचा झटका तिच्यातूनही आत शिरू शकतो, म्हणून तीही काढावी. वादळानंतर संगणक व्यवस्थित चालतो, पण नेटवर्क पोर्टच मृत झाला आहे, असे आढळल्यास कारण बहुधा हेच असते, आणि तेव्हा मदरबोर्ड बदलण्यापेक्षा यूएसबीवर चालणारा नेटवर्क अडॅप्टर लावणे स्वस्त पडते. पाली, झुरळे व मुंग्या उबदार एसएमपीएसमध्ये आसरा घेतात, म्हणून कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या फटी झाकपट्ट्यांनी बंद ठेवाव्यात.

दुकान, वॉरंटी आणि दुरुस्तीची खातरजमा

घरच्या चाचण्यांनी संशय एका भागावर आला, की त्याजागी तसाच चांगला भाग लावून पाहणे हा निर्णायक पुरावा असतो. मित्राचा एसएमपीएस त्याच्या सर्व तारांसह उसना आणता येतो. ते शक्य नसेल तर मढाताल भागातल्या जयंती कॉम्प्लेक्ससारख्या संगणकाच्या बाजारात पैसे देऊन, आपल्यासमोर, अशी अदलाबदल करून घेता येते. दुकानात जाताना वहीतल्या नोंदींचा एक पानी सारांश न्यावा, प्रत्येक भागाच्या अनुक्रमांकाचे व प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या पिनांचे छायाचित्र आधीच काढून ठेवावे, आणि दोष ज्या गेममध्ये किंवा चाचणीत दिसतो तीच चाचणी तिथे चालवण्याचा आग्रह धरावा; पाच मिनिटे विंडोज चालू ठेवून संगणक ठीक असल्याचा निर्वाळा स्वीकारू नये.

वॉरंटी बहुधा प्रत्येक भागाची स्वतंत्र असते, म्हणून जीएसटीचे बिल व अनुक्रमांकाची पट्टी सांभाळावी. वॉरंटी नाकारली गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते, त्यामुळे ऑनलाइन मागवलेल्या भागासाठी जबलपूरच्या ग्राहकाला विक्रेत्याच्या शहरी जावे लागत नाही. निकामी झालेला एसएमपीएस, फुगलेली यूपीएसची बॅटरी किंवा जळलेला बोर्ड भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावा, कारण अशा वस्तूंतले शिसे व इतर विषारी द्रव्ये उघड्यावर जाळली वा फोडली गेल्यास माती-पाण्यात मिसळतात.

भाग बदलला म्हणजे निदान पूर्ण झाले, असे मात्र समजू नये. ज्या गेममध्ये, जितकी मिनिटे चालल्यावर आणि खोलीच्या ज्या तापमानाला दोष दिसत होता, त्याच परिस्थितीत संगणक त्याच्या दुप्पट वेळ निर्दोष चालला पाहिजे. मे महिन्यात दिसलेला दोष जुलैतल्या दुरुस्तीनंतर नाहीसा झाला, तर त्याचे श्रेय नव्या भागाला द्यावे की उतरलेल्या पाऱ्याला, हे त्या वेळी सांगता येत नाही. म्हणून जुना भाग वॉरंटीत परत गेला नसेल तर तो आणि नोंदींची वही ही दोन्ही पुढचा उन्हाळा संपेपर्यंत जपून ठेवावीत.